टेकडी कोणत्या हाताला

बोरगाव मेघे, वर्धा
२८ मार्च १९९९

प्रिय भाऊ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच वहिनींकडे देशील. तसं झालं तर वहिनी, तुम्ही वाचा. हे पत्र जमिनीबद्दल नाही. म्हणजे जमिनीबद्दलच आहे, पण तुम्हाला वाटेल त्या अर्थानं नाही.

सहा वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी मी ते शेवटपर्यंत वाचलं, एवढंच मी केलं होतं. तहसीलच्या ओट्यावर सगळे उन्हात उभे होते आणि मी पान उलटलं तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास, "वाच, वाच. भाऊ चोर हाय ना तुहा." मी सही केली. आज विचारलं तरी करीन. जुन्या रेल्वे डेपोची ती जागा तुझी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला मन शांत ठेवून वाचता येईल.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नागपूरहून अण्णाजी नावाचे एक गृहस्थ येतात. रेल्वेत नकाशे काढायचे, आता निवृत्त आहेत. त्यांच्याजवळ छोट्या रुळांच्या गाड्यांचे जुने फोटो आहेत. स्टेशनं, मालधक्के, इंजिनांचे डेपो. बहुतेकांच्या मागे नाव नाही. आपल्या भागातले फोटो त्यांनी माझ्याकडे ओळखायला ठेवले. मला हे काम आवडलं. पाटी दिसत नसेल तर झाडं, छपराचा उतार, टाकीचे खांब यांच्यावरून गाव शोधायचं. अण्णाजी म्हणतात, रेल्वे कंपनी एकाच नकाशावरून चार डेपो उठवायची, म्हणून घाई करायची नाही. खात्री झाल्याशिवाय मी एकाही फोटोमागे नाव लिहीत नाही.

त्यातला एक मला आपल्या धामणखेड्याचा वाटतो.

फोटो लहान आहे, तळहातावर मावेल एवढा. पत्र्याची उंच शेड, तिच्या दारातून अर्धं बाहेर आलेलं इंजिन, शेजारी विटांच्या चार खांबांवर पाण्याची टाकी. एका खांबाचा पाया बाकीच्यांपेक्षा रुंद आहे, मागाहून डागडुजी केल्यासारखा. तो खांब आठवतो? त्यावर चढून तू चिंचा पाडायचास. त्या जागेवर मंगल कार्यालय बांधताना तू तोच खांब कोपऱ्यात राखलास आणि त्यावर प्लास्टिकची टाकी बसवलीस, असं ऐकलं.

आता खरं कारण लिहिते. फोटोत टाकीच्या डाव्या हाताला विहीर आहे. इंजिनाला पाणी पुरवणारी, म्हणजे चांगली रुंद, गोल कठड्याची. भाऊ, आपण तिथं खेळून मोठे झालो. मला सपाट जमीन आठवते, तरोट्याचं रान आठवतं. विहीर आठवत नाही. मग ती गेली कुठे?

हा फोटो आपल्याच गावाचा असेल तर ती विहीर तुझ्या कार्यालयाच्या स्वयंपाकाच्या पडवीखाली येते. ९ मेला रक्षाचं लग्न आहे. कार्यालयातलं पहिलं कार्य आपल्या पोरीचं व्हावं म्हणून तू अजून कुणालाच तारीख दिली नाहीस, असंही ऐकलं. म्हणजे त्या जमिनीवर अजून गर्दीचा भार पडलेला नाही. पडवीत भट्ट्या पेटतील, आचारी, वाढपी, पाण्याचे ड्रम.

भिंतीचा पाया तू खणला असशील. मधली जमीन कुणी खणत नाही, मुरूम टाकून दाबतात. पडवीत कधी काही पोकळ वाजलं होतं का? एवढंच कळव.

तुझी
सुलोचना


५ एप्रिल १९९९

प्रिय भाऊ,

वहिनींचा फोन आला. तू मागे उभा होतास, मला खोकला ऐकू आला. बोलणं झालं ते असं. लिहून ठेवते, म्हणजे माझ्याकडून त्यात काही भर पडायला नको.

"सुलाबाई, पत्र भेटलं. त्यायनं नाई वाचलं, मी वाचलं."

"मग, वहिनी?"

"मंग काय? पोरीच्या लग्नाले महिना राह्यला न तुमाले हीर दिसून राह्यली! काऊन, आंदनात द्याची हाय का ते?"

मी म्हटलं, मला फक्त भीती वाटते. त्या म्हणाल्या, "भीती त आमालेबी वाटते. लोकायच्या नजरेची."

आणि मागून तू म्हणालास, "सांग तिले, असंल हीर त बुजवली असंल. जानारे का तशीच सोडून जातीन?"

भाऊ, आपल्या गावात बुजवलेली विहीर मला एक दाखव. जिवंत झरा बुजवला की वंश बुडतो, हे आपण आईच्या तोंडून ऐकलं. शाळेमागच्या विहिरीत वासरू पडलं तेव्हा बाबांनी काय केलं? वर लाकडं टाकली, तुराट्या टाकल्या, माती टाकली. आईनं त्या मातीवर हळदकुंकू वाहिलं. पुढच्या पावसाळ्यात तिथं काकडीचा वेल होता. डेपो उठला तेव्हा ते काम करणारी माणसंही आपल्याच गावची असणार. त्यांच्याजवळ रुळांखालचे लाकडी स्लीपर आयते पडलेले. ते आडवे टाकून वर माती लोटली असेल. लाकूड आहे, भाऊ. कधीतरी कुजणारच.

तरी मी स्वतःलाही तपासते आहे. हे म्हणाले, "भाऊ बोलत नाही, म्हणून तुला त्याच्या कार्यालयाखाली खड्डा दिसतो." ह्यांनी ते हसत म्हटलं. मी डायरीत लिहून काढलं आणि खाली उत्तर लिहायला जागा सोडली. ती अजून कोरी आहे. मी सहा वर्षांचा राग मोजून पाहिला. तो आहे. पण रागानं फोटोत विहीर उगवत नाही ना?

अण्णाजींना मोठी प्रत मागितली आहे. ह्या प्रतीत कडा कापलेल्या आहेत, मागचं काही दिसत नाही.

सुलोचना


१३ एप्रिल १९९९

प्रिय भाऊ,

आधी चांगली बातमी. फोटो धामणखेड्याचा नाही.

मोठी प्रत आली. तिच्यात शेडच्या मागची टेकडी दिसते, मध्ये खोगिरासारखी दबलेली. रुळांवर उभं राहून शेडकडे पाहिलं की आपली टेकडी उजव्या हाताला असते. तू, मी, सगळं गाव डोळे मिटून सांगेल. फोटोत ती डाव्या हाताला आहे. अण्णाजींना विचारलं तर म्हणाले, अशा टेकड्या आर्वीच्या बाजूला पुष्कळ, आणि डेपोही एकाच नकाशाचे. कुठला तरी दुसरा असेल.

मी टेबलावर डोकं ठेवून बसले. आमच्या ग्रंथालयातला विवेक पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, घरून काही वाईट कळलं.

तुम्हा दोघांना लग्नाच्या घाईत त्रास दिला, त्याची माफी मागते. वहिनींना म्हणावं, आंदणाची विहीर परत घेतली. रक्षासाठी मी पैठणी घेऊन ठेवली आहे, जांभळी. तिला जांभळा आवडतो ना अजून? पत्रिका आली नाही तरी ती कुणाच्या हाती पाठवीनच.

तुझी
सुला


२१ एप्रिल १९९९

भाऊ,

मागचं पत्र फाडून टाक. ते चूक आहे. चूक माझी आहे, आणि ती कशी झाली ते तुला कळलंच पाहिजे, कारण आता विहीर पडवीखाली नाही.

आखाजीच्या सणाला शेजारच्या शोभाबाई आमच्याकडे जेवायला होत्या. बरोबर त्यांची नात मयुरी. पोरगी डावखुरी आहे. तिनं डाव्या हातानं पुरी मोडली तशी आजीनं तिच्या हातावर चापट मारली. "अवो, जेवाचा हात कोनता? देवानं दोन देले म्हनून कोनताबी चालवतं का?"

पोरगी म्हणाली, "पुरीले का समजते?"

सगळे हसले. मी वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले.

फोटोत शेडच्या सावलीला काही माणसं ओळीनं जेवायला बसली आहेत. मी तो फोटो महिनाभर भिंगाखाली पाहिला. खांब पाहिले, पत्रे पाहिले, टेकडी पाहिली. माणसांकडे पाहिलं नाही. ती सगळी डाव्या हातानं जेवताहेत. एकजात सगळी. एकाचा घास तोंडाशी आहे, तोही डाव्या हातात.

अण्णाजींना फोन केला. त्यांनी फोन धरूनच आपली प्रत काढून पाहिली. मग म्हणाले, "काचेची प्लेट उलटी धरून छापली गेली, बाई. फोटोत एक जरी अक्षर असतं तर मी तेव्हाच पकडलं असतं." त्यांचा आवाज पडला होता. मी त्यांना दोष देत नाही. टेकडी डावीकडे पाहिली तेव्हा मला सुटका हवी होती. ती मिळाल्यावर मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

फोटो आरशापुढे धर, भाऊ. टेकडी उजव्या हाताला जाते, आपल्या गावी आहे तशी. रुंद पायाचा खांब तू राखलास त्याच कोपऱ्यात येतो. आणि टाकीच्या डावीकडची विहीर उजवीकडे येते.

उजवीकडे पडवी नाही. उजवीकडे तुझं सभागृह आहे. मी कागदावर मांडून पाहिलं, पुसून पुन्हा मांडलं. विहीर भिंतीपाशी येत नाही. सभागृहाच्या मधोमध येते, बोहल्यापुढे, जिथं पंगती बसतील.

घाईनं लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आहे. मला वेड लागलेलं नाही. मधल्या दोन-चार फरश्या उचलून पाहा. नसेल काही तर फरशी परत बसवता येते.

सुलोचना


२ मे १९९९

प्रिय भाऊ,

पत्रिका आली. पाकिटावर फक्त ह्यांचं नाव आहे, आत 'सहकुटुंब'. मला त्यात धरलं आहे असं समजते.

तुझं उत्तर नाही. वहिनी फोनवर म्हणाल्या, "सुलाबाई, एकदा सांगता हीर हाय, मंग सांगता नाई, मंग सांगता हाय. आमी कोनतं पत्र खरं धराव?" त्यांचं चुकत नाही. तीनदा वेगळं बोलणाऱ्या साक्षीदारावर मीही विश्वास ठेवला नसता. म्हणून आणखी एका माणसाला विचारलं. ते जसं घडलं तसं सांगते, आपल्या बाजूनं काही ओढत नाही.

विवेकची आई धुरपताबाई. मूळच्या आपल्याच गावच्या, बौद्धवाड्यातल्या. आता मुलाजवळ इथं राहतात. मी फोटो दाखवला. कठड्यापासून लांब, हातात रिकामी भांडी घेऊन दोन बाया उभ्या आहेत. मी त्यांना पाण्याच्या रांगेतल्या बाया समजत होते.

"रांग नाई, माय ते," धुरपताबाई म्हणाल्या. "वाट पाहून राह्यल्या. कोनी दुरून वतलं त पानी भेटे. कठड्याले हात लावू देत नव्हते आमाले."

"म्हणजे धामणखेड्याला विहीर होती?"

"होती नाई त का! मी मायसंगं उभी राहो. इंजिन गेलं मंग झाकली."

"बुजवली की झाकली?"

"ते का मले इचारून केलं? गेलतो एक दिवस, त हीर नाई. माती होती."

"टाकीच्या कोणत्या हाताला होती?"

त्यांनी डोळे मिटले, उजवा हात उचलला, मग डावा. "नाई सांगता येत, पोरी. तवा मी एवढीशी. मले भांडंच आठवते, जड नव्हतं म्हनून." मग म्हणाल्या, "तिथं आता लग्नाचा हॉल झाला म्हन्ते तुहा भाऊ. मंग आता आमाले आत बलावते का, का अजून दुरूनच वतते?"

तो प्रश्न तसाच तुझ्याकडे पाठवते. जागेची खात्री त्यांच्याकडून मिळाली नाही. पण विहीर होती, आणि एक दिवस ती दिसेनाशी झाली.

आणखी एक. मी परवा येऊन गेले. बसमधून उतरून मागच्या रस्त्यानं आले, घराकडे आले नाही. तुझ्या सभागृहाच्या खिडकीतून आत पाहिलं. पेंटर फरशीवर मांडी घालून बोहल्याच्या चौथऱ्यावर वेलबुट्टी काढत होता. नेमका तिथंच. गाणं म्हणत होता. मला आत पाऊल टाकता आलं नाही आणि तिथून निघूनही जाता आलं नाही. शेवटी ओरडले, "भाऊसाहेब, चहा घ्यायला या, चहा!" तो बाहेर आला तेव्हा माझ्याजवळ चहा नव्हता. त्यानं मला वेडीच समजलं असेल. तरी मी त्याला फाट्यावरच्या हॉटेलात नेलं, चहा पाजला, भजी खाऊ घातली. मग तो पुन्हा आत गेला आणि मी बसमध्ये बसून परत आले. त्याला मी काय सांगणार होते? माझ्याजवळ एक उलटा फोटो आहे?

मुहूर्त पुढे ढकलता येत नाही, हे मला कळतं. सोळाला अधिक जेठ लागतो. फरशी आत्ता उचलणं तुला अपशकुन वाटत असेल, तर उचलू नकोस. पण पंगती बाहेर बसव. समोर शाळेचं मैदान आहे. लोकांना काहीही कारण सांग. माझं नाव घ्यायची गरज नाही.

रक्षा बोहल्यावर उभी राहील तेव्हा तिच्यापुढे अक्षता घेऊन किती माणसं दाटीनं उभी असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यात तू आहेस. वहिनी आहेत.

माझी चूक निघाली तर मला गावभर हसा. मी ऐकून घेईन.

तुझी
सुला


१० मे १९९९

प्रिय भाऊ,

काल तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, आणि मीही बोलले नाही. म्हणून हे पत्र.

मी फाट्यावर उतरले तेव्हा मांडव शाळेच्या मैदानात दिसला. मी तिथंच रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. ह्यांना वाटलं मला ऊन लागलं. लग्न बाहेर, पंगती बाहेर, आणि तुझ्या नव्याकोऱ्या कार्यालयाला भलंमोठं कुलूप. "आत गरम होते," असं तू सगळ्यांना सांगत होतास. वरपक्षाचे लोक त्या कुलपाकडे पाहत होते. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या.

अक्षता पडल्या, तोवर सगळं ठीक होतं. दुपार कलल्यावर रोहण्याच्या बाजूनं धुळीची भिंत आली. मेमध्ये येतं तसं वादळ, पण काल जरा जास्तच. पहिल्या झोतात मांडवाचं कापड उडालं, खांब वाकले, पंगतीतली ताटं उडत गेली. मग गारा. सगळे धावले ते तुझ्या सभागृहाकडे. दुसरं धावणार कुठे?

आणि तू दाराला पाठ लावून उभा राहिलास.

मी शाळेच्या ओसरीत होते. मला सगळं ऐकू येत होतं. नवरदेवाचे मामा ओरडले, "पुंडलिकराव, दार खोला!"

"चावी सापडून नाई राह्यली."

"मंग तोडा कुलूप! बायापोरं भिजून राह्यली!"

"तोडू देनार नाई."

"काऊन? एवढा हॉल बांधला तो का दुरून पाहाले?"

मागून कोणीतरी म्हणालं, "नवी फरशी हाय ना! आपल्या पायाचा चिखल लागंल तिले." लोक हसले. गारा खातानाही हसले. मग हसणं थांबलं आणि शिव्या सुरू झाल्या. एकानं तुझा दंड धरून ओढलं. तुझा फेटा पडला. गारा डोक्यावर बसत होत्या आणि तू दोन्ही हात चौकटीला लावून तसाच उभा. वहिनी तुझ्यापुढे हात जोडत होत्या, "अवो, खोला ना, पोरीचं तोंड पाहा." ओला सदरा अंगाला चिकटला होता. करदोड्याला बांधलेली चावी त्यातून मला दिसली. इतरांनाही दिसली असेल.

लोक मग शाळेत घुसले, काही वऱ्हाडाच्या ट्रकखाली गेले. थोड्या वेळात वादळ निघून गेलं. कुणाला फार लागलं नाही. पण रक्षा ओल्या शालूत गाडीत बसली, आणि तिच्या सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "चल, पोरी. आमच्याकडे पाहुण्याले दार उघडं राह्यते."

तू "खाली विहीर आहे" असं का म्हणाला नाहीस? मी काल परत येताना बसमध्ये हाच विचार केला. लग्नाच्या दिवशी तसलं अशुभ नाव तोंडातून काढायचं नाही म्हणून? सहा वर्षं न बोललेल्या बहिणीच्या सांगण्यावरून हे करतो, हे चारचौघांत म्हणवेना म्हणून? की तुझाही विश्वास नव्हता, आणि तरीही तू दार उघडलं नाहीस? मला शेवटचं खरं वाटतं, आणि त्याचीच मला सगळ्यात भीती वाटते.

मी पुढे येऊन म्हणायला हवं होतं की ह्याला मी सांगितलं. मी ओसरीत कोरडी उभी राहिले. फोटो पर्समध्ये होता. तो काढून त्या माणसांपुढे धरला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित ते आणखी हसले असते. पण तू एकटा पडला नसतास.

एप्रिलभर मी घाबरत होते की तिथं विहीर असेल. कालपासून घाबरते आहे की ती नसेल. मी जागा चुकले असेन, धुरपताबाई दुसऱ्या कुठल्या विहिरीबद्दल बोलल्या असतील, डावं-उजवं करताना माझा कुठं घोळ झाला असेल. मग तू व्याह्यांच्या शिव्या कशासाठी खाल्ल्यास? रक्षाला सासरी उद्यापासून जे ऐकावं लागेल ते कशासाठी? त्या घरात कुठलंही दार वाजलं तरी तिला हे ऐकवतील.

भाऊ, मला खरं काय ते कळलं पाहिजे. पण तू सांगशील तेव्हा. तोवर कुलूप असू दे.

सुला


१४ मे १९९९, शुक्रवार

भाऊ,

तुझं कार्ड आत्ता मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि ते वाचून मी तशीच चप्पल घालून स्टँडवर आले. वादळापासून तुमचा फोन लागत नाही. ही चिठ्ठी मी आर्वीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे. तो फाट्यावरच्या हॉटेलात देईल आणि तिथून कुणीतरी लगेच तुझ्याकडे आणेल, असं त्यानं कबूल केलं आहे.

तू लिहितोस, "गारीचं पानी खिडकीतून आत गेलं. मधातल्या फरश्या खाली बसल्या. गोल बसल्या. इतवारी मी सब्बल घेऊन फरश्या उचलून पाह्यतो."

माझी चूक निघाली असती तर बरं झालं असतं. हे मी मनापासून लिहिते. मला बरोबर ठरायचं नव्हतं.

इतवारी नाही. तू एकट्यानं तर कधीच नाही. गोल बसल्या म्हणजे खालचे स्लीपर अजून पूर्ण तुटले नाहीत, वाकले आहेत. पाणी मुरलं आहे, माती जड झाली आहे. आता कडेला पाऊल ठेवलं तरी कडेची जागा भक्कम असेल असं समजू नकोस. विहीर किती रुंद होती हे फोटोवरून नीट सांगता येत नाही. मी जी जागा काढली ती अंदाजानं. एकदा मी तुला "नाही" असं खात्रीनं सांगितलं होतं, हे विसरू नकोस.

तू कार्ड बुधवारी लिहिलंस. मधे दोन दिवस गेले. त्यात तू आत गेला नसशील. खिडकीतूनच पाहिलंस ना? कार्डात तसं काही लिहिलेलं नाही. तू ते का लिहिलं नाहीस?

अण्णाजींच्या ओळखीचे एक इंजिनिअर आहेत. त्यांना घेऊन मी उद्या सकाळच्या गाडीनं येते. रक्षाच्या सासरच्यांनाही बोलवू. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून पाहावं. त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. ह्या वेळी मी पुढे उभी राहीन.

वहिनी, चिठ्ठी तुमच्या हाती पडली तर चावी त्याच्या करदोड्यावरून काढून घ्या. तो ऐकणार नाही, भांडेल, पण काढून घ्या. आणि कुत्रं, कोंबडी, कुणीही आत जायला नको. खिडक्या लावून घ्या, पण बाहेरून.

भाऊ, मी येईपर्यंत दारात खाट टाकून बस. पाय बाहेरच ठेव.

सुला